दोन तास मागे

कुतायसीत फेब्रुवारी म्हणजे चिखल,
आणि दारात बूट आपटणारी गिऱ्हाइकं.
चारच्या सुमारास त्सिउरीमावशी आली,
भट्टीवरून तशीच, कोपरापर्यंत पिठाची.
फोन टेबलावर पालथा ठेवला
आणि तक्रार सांगितली:
"हा कॉम्प्युटरशी बोलत नाही.
बोललाच तर खोटं बोलतो."

आधी केबल पाहिली. या धंद्यात
निम्मी दुखणी केबलची,
उरलेल्यातली निम्मी माणसांची.
नवी लावली. पोर्टमध्ये फुंकर मारली,
चिमूटभर पीठ उडून माझ्याच डोळ्यात गेलं.
ड्रायव्हर काढला, परत टाकला,
दोघांना बंद केलं, दोघांना उठवलं,
भांडलेल्या भावांना
एका ताटावर बसवावं तसं समोरासमोर आणलं.
पडद्यावरचं चाक फिरत राहिलं.
शंभर टक्के.
"झालं," मी म्हणालो.
"वही उघड," ती म्हणाली.

उधारीची वही.
दुपारी बारा वाजता उशांगीने चौदा लारी चुकत्या केल्या,
तिने तिथेच फोनमध्ये लिहिलं.
आता तो पुन्हा देणेकरी.
झालच्या बहिणीचे सहा पाव तिने सोडून दिले होते,
ते सहाही परत नावावर उभे.
"बघ," ती म्हणाली,
"मी माफ करते, आणि हा करत नाही.
उशांगीशी दोनदा वाजलंय याच्यापायी.
माणूस चर्चची शपथ घेत होता, मी मशीनची."

मग मला दिसलं.
भिंतीवर पाच वाजून दहा.
फोनमध्ये तीन वाजून दहा.
सून एतेरी अकराला कॉम्प्युटरवर पिठाच्या गोण्या मांडते;
मावशीचं बाराचं लिहिणं फोनच्या लेखी दहाचं.
जे नंतरचं, ते खरं,
मशीनला एवढा एकच कायदा येतो.

"घड्याळ चुकलंय, मावशी. एका बोटाचं काम."
बोट पुढे केलं
तर तिने फोनवर पंजा ठेवला.

"चुकलेलं नाही. ठेवलेलं आहे."

थेस्सालोनिकीत अकरा वर्षं,
चौथा मजला, लिफ्ट बहुतेकदा बंद,
किरिया एव्दोकियाच्या गोळ्या आठला, दोनला, नऊला.
"तिथे होते तेव्हा फोन इथल्या वेळेवर होता.
पोरगा शाळेतून आला असेल, झोपला असेल,
नुसतं बघितलं की कळायचं.
परत आले, आणि
विमानतळावरच तिथली वेळ लावली."
"का?"
"मला काय माहीत का.
आपण जिथे नाही तिथलं काही तरी
हाताशी लागतं मला.
म्हातारी अजून आहे. दोनला गोळी घेते की नाही, कोण बघतं."

मी काही बोललो नाही.
बाहेर कुणाची तरी गाडी चिखलात रुतून घुरघुरत होती.
सेटिंगच्या तळाशी,
जिथे सहसा कुणी जात नाही,
एक चौकोन असतो, त्यात खूण केली:
वाद झाला तर फोनचं खरं.

"पण एतेरीने लिहिलेलं पुसलं जाईल कधी कधी."
"एतेरीला तोंड आहे," मावशी म्हणाली, "भरपूर."

पुन्हा चाक. पुन्हा शंभर.
उशांगी सुटला. सहा पाव सुटले.
वही दोन्हीकडे एकसारखी,
माझा मात्र जीव अर्धवट थाऱ्यावर,
कारण दुरुस्त असं मी काहीच केलं नव्हतं.

मजुरी पंधरा लारी. तिने पिशवीतून
दोन शोती काढल्या, होडीसारख्या लांब,
टोकं करपलेली, अजून कोमट,
आणि माझ्यासमोर फोनमध्ये टिपलं:
टेक्निशियन, पंधरा लारी, दिले.

ती गेल्यावर कॉम्प्युटरवरची तिची वही मिटण्याआधी
मी ती नोंद पाहिली.
तीन वाजून अठ्ठावीस मिनिटं.
म्हणजे ती दारात बूट आपटत आली
त्याच्या अर्धा तास आधीच
माझा हिशेब चुकता झाला होता.

दाद कुठे मागणार?
कायदा मीच लावून दिलेला.
पावाचं करपलेलं टोक मोडलं, तोंडात टाकलं.