सुट्टीची फाईल

चौदाशे ओळी, एकच फाईल.
मावशीच्या मेसचा बॉट, सुदामा नगर, इंदूर:
डबा, सुट्टी, हिशेब, सगळं एका पातेल्यात.

काल रात्री वेगळं काढलं.
हिशेब डब्याला विचारी, डबा हिशेबाला,
दोघं उंबऱ्यातच अडले.
तेही सोडवलं. सराफा मिटायच्या वेळेला झोपले.

सकाळी टोकेकरांचा फोन:
"अहो, मी उज्जैनला. सुट्टी टाकली होती ना?
शेजारी म्हणतोय, भिया, डब्बा टँगा है."

सुट्टीची फाईल जागेवरच होती,
नीटनेटकी, एकही चूक नाही.
मुख्य फाईलीतून तिला हाक मारायचीच राहिलेली.

मावशीला काय सांगणार?
म्हटलं, एकीला पंगतीला बोलवायचं विसरले.

तिला लगेच समजलं.
रागावली ती माझ्यावर,
सुट्टीवर नाही.