तक्ता तीन, ओळ चौथी

फॉर्ममधला अकरावा रकाना विचारतो:
आपल्या संशोधनाचे एकूण दाखले किती.
जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला,
एवढेच मला ठाऊक होते.
एकोणसाठाव्या वर्षी हा तिसरा.

तन्वीर खोत खुर्चीमागे उभा राहून स्क्रीन सरकवतो.
"मॅडम, एच-इंडेक्स तेवीस.
चोविसाव्या पेपरला फक्त दोन कमी पडतायत."
वाण्याने सुटे मागावेत तसा म्हणतो.
"माझे दोन लेख निघतायत. एकेक टाकतो."

बाहेर माटुंग्याची मे महिन्यातली दुपार.
तीस अंश, पंचाहत्तर टक्के दमटपणा.
हीच हवा आम्ही चेंबरमध्ये
वर्षानुवर्षे विजेचे बिल भरून तयार केली,
गोळ्या तीत ठेवल्या, सहा महिन्यांनी मोजल्या,
आणि ती इथे फुकट होती,
तारेवरच्या टॉवेलात, डब्यातल्या मिठात.

सगळ्यात गाजलेल्या पेपरला आठशे बारा.
बहुतेक कंसातले: चार ते अकरा.
मी त्यात सातवी,
लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत
अर्धा चेहरा यावा तशी.
कुठे मी एम. तळपदे, कुठे टी. मृणाल,
दोघींची गाठ अजून पडलेली नाही.
पोलंडच्या एकाने तर
मी जे नाही म्हटले होते
तेच माझ्या नावावर मांडले.
त्याला पत्र लिहिले. उत्तर आले नाही.
मोजणीत तोही धरला आहे.

उद्धरण म्हणजे वर काढणे,
शाळेत संस्कृतच्या बाईंनी सांगितले होते.
आईच्या तोंडी मात्र माझा उद्धार व्हायचा
तो दूध उतू गेल्यावर.
आठशे बारांत कोणता कुठला, सांगता येत नाही.

यादीच्या तळाशी एक पेपर आहे,
क्षयाच्या गोळीचा कडूपणा झाकण्यावर, लहान मुलांसाठी.
दाखला एक. तो माझाच.

आठ जणांनी चव घ्यायची,
साठ सेकंद जिभेवर, मग थुंकायचे,
मग आकडा सांगायचा, शून्य ते पाच.
सात विद्यार्थी मिळाले. आठवा मिळेना,
तेव्हा काचसामान धुणारे रावजी पेडणेकर
हात पुसत आले.

डोळे मिटून बसायचे.
आकडा कधीच सांगायचे नाहीत.
"कालच्यापेक्षा बरी. पण मागून येते, मॅडम.
पाहुणा गेला म्हणून दार लावावे
आणि तो छत्री विसरली म्हणून परत यावा, तशी."
मी लिहिले: दोन.
त्या 'मागून'वर आम्ही लेप जाड केला.
पेपरात त्याला विलंबित कडूपणा म्हटले आहे.

क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला.
तक्ता तीन, ओळ चौथी:
स्वयंसेवक चार, पुरुष, वय एकावन्न.
नाव छापायचे नसते, नियम आहे.
पण आभार माझ्या हातात होते.
यंत्राच्या कंपनीचे मानले.
निधी देणाऱ्यांचे मानले.
एका प्राध्यापकांचे मानले,
त्यांनी मसुदा चाळला होता. बहुधा.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला, शिवडीहून.
नातीला औषध सुरू झाले आहे.
मला वाटले, आता विचारतील.
विचारले नाही.
"आपली नव्हे, मॅडम. टेकवून बघितली मी जिभेला.
ही पुढूनच कडू आहे."
मग जरा थांबून,
"केळ्यात घालून देतो."

तन्वीर अजून उभाच.
"टाकू ना?"
नको म्हणते. तो हसतो,
त्याला हा माझा साधेपणा वाटतो.
मी दोन हजार नऊशे चाळीस हा आकडा भरते,
पोलंडवाल्यासकट.

बारावा रकाना:
संशोधनाचा समाजावरील परिणाम, शंभर शब्दांत.
केळे, एवढेच टाइप होते.
खाली बारीक अक्षरांत यंत्र सांगते,
नव्व्याण्णव उरले.