सातवी पिन

उदगीरला उतरलो तेव्हा कार्ड मांडीवर होतं,
जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं.
औरंगाबादेहून रात्रभर एसटीत
पिशवी वर फळीवर ठेवायचं धाडस झालं नाही.
आठ पोर्टांचं कार्ड. किंमत माझ्या
अकरा महिन्यांच्या पगाराएवढी.

बँक डाळमिलला लागून.
काउंटरवर, लेजरवर, मॅनेजरच्या काचेवर
तुरीची पिवळी भुकटी.
संगणकाचं झाकण काढलं, आतही तीच.
"दोन महिन्यांत एवढी?"
हुडगेसाहेब म्हणाले, "आमच्या फुप्फुसांत बघा."

स्लॉटमध्ये कार्ड दाबलं.
मागून आठ शेपट्यांची केबल सोडली
तसा शिपाई निवृत्ती दोन पावलं मागं सरला.

दोन नंबरची पिन बोलते, तीन नंबरची ऐकते.
म्हणून तारांची फुली मारायची,
इकडचं तोंड तिकडच्या कानाला.
सरळ जोडलं तर तोंडाला तोंड लागतं,
दोघं बोलत राहतात, ऐकत कुणीच नाही.
"म्हंजे आपली वार्षिक सभा," लईक म्हणाला,
रोजावर आणलेला वायरमन,
राळेच्या धुरात डोळे बारीक करून डाख लावणारा.

सहा, आठ, वीस, ह्या तिघींना
आपसातच एक तार.
म्हणजे त्यांना वाटत राहतं, पलीकडे कुणीतरी आहे.
ह्या फसवणुकीचं मला कधी वाईट वाटलं नाही.
पुढं घरी, एकदा, वाटलं.

सात नंबर जमीन. सात सरळ सातला.

तीन ते सहा वीज गेली.
त्या तीन तासांत लईकनं केबलींवर चिकटपट्ट्या लावल्या,
आकडे उर्दूत घातले.
मी कुरकुरलो.
अण्णा बिडवई, निजामाच्या शाळेत शिकलेले हेडअकाउंटंट,
चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"असू द्या, मला वाचता येतं."

वीज आली. एक, दोन, तीन, चार,
हिरव्या अक्षरांत लॉगिन.
पाचव्यावर मात्र कचरा:
कंस, तिरक्या रेघा, अर्धे स्वल्पविराम,
कुणी झोपेत बरळावं तसं.
वेग तपासला, नऊ हजार सहाशे. पॅरिटी तपासली.
केबल बदलली. कचरा तोच.
लईकनं टर्मिनलच्या पत्र्याला बोट लावलं आन्
चटका बसल्यासारखं काढलं.
"मारतंय. अर्थिंग कुठंय?"

मागच्या बोळात, फरशीखाली.
मीठ-कोळशाचा खड्डा, कोरडा ठक्क.
वैशाख चालू होता.
"पाणी पाहिजे," मी म्हणालो.
कुणी काही बोललं नाही.
नळ नवव्या दिवशी यायचा, आज सहावा.

निवृत्ती गेला, परत आला
खांद्यावर घागर, तोंडाला फडकं बांधलेलं.
कुठून आणली, कुणी विचारलं नाही.
ओतली. जमीन घटाघटा प्यायली,
दोन बुडबुडे आले, तेही फुटले.

आत पाचवा पडदा शुद्धीवर आला होता.
एक शब्द, दोन टिंबं,
पुढं लुकलुकणारा हिरवा चौकोन.

"घागर कुणाच्या खात्यावर?" अण्णा.
"ऱ्हाऊ द्या की."
"राहू कसं द्या? ताळेबंद असतो."
बाजारात दीड रुपया भाव होता.
यंत्राला अजून काहीच येत नव्हतं,
म्हणून व्हाउचर शाईच्या पेनानं:
अर्थिंग, पाणी, घागर एक.

सहा आणि सात एका दमात लागले.
आठव्याला टर्मिनलच नव्हतं;
त्याची शेपटी लईकनं वेटोळं करून
लक्ष्मीच्या कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगली.

रात्रीच्या गाडीला निवृत्ती सोडायला आला.
मांडी रिकामी, कशानं तरी अवघडलेली.
"सायेब, तिला पाणी रोज लागंल का?"
"आठवड्याला अर्धी बादली."
"आन् पावसाळ्यात?"
"पावसाळ्यात नाही."
"न्हाईच आला तर?"
गाडी सुरू झाली होती.
"अर्धी बादली," मी खिडकीतून ओरडलो.
त्यानं मान हलवली,
बाजारातून नवं जनावर घेताना
माणूस त्याचं खाणं-पिणं
विचारून घेतो, तशी.