नमुना क्रमांक अकरा

फुरसुंगी. डेपोपासून चारशे मीटर, उताराच्या अंगाला.
बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली,
चौथ्यांदा भरली काठोकाठ, हवा न ठेवता.
रंग : कोऱ्या चहासारखा.
वास : आहे.

गजराबाई कामठे कठड्याला टेकून म्हणाल्या,
"चवीचा रकाना न्हाई व्हय तुमच्यात?
मग लिवा, डाळ शिजत न्हाई.
लिवा, म्हस हुंगती आन् मान फिरवती."
मी समासात लिहिलं.

मग शेवग्याखालची माती.
गिरमिट फिरवलं. एक वीत, दोन वीत,
तिसऱ्या वितीला काहीतरी अडकलं :
दुधाच्या पिशवीचा कोपरा,
तिरका कापलेला, अगदी
कोथरूडला आई कापते तसा.

माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळावी,
वर राहील ते टाकून द्यावं,
असं पद्धतीत छापलंय.
कुठे टाकावं, ते नाही छापलेलं.

"घ्या, टँकरच्या पाण्याचा हाय,"
गजराबाईंनी कप पुढे केला.
पिण्याआधी मी, सवयीने,
उजेडात धरून रंग पाहिला.
त्यांनीही पाहिलं, मी पाहताना.

बाटली बर्फात ठेवली. चिठ्ठी चिकटवली.
कोपरा अजून खिशातच.