भराव

चावी मिळाली त्या दिवशी
मागच्या दाराबाहेरचा बारा बाय नऊचा तुकडाही माझा झाला.
करारात त्याला 'मोकळी जागा' म्हटलं होतं.
मी मनात बाग म्हटलं
आणि त्याच संध्याकाळी कोपरखैरण्याच्या बाजारातून
कुदळ आणली, खुरपं, घमेलं,
आणि चाळीस रुपयांचे हातमोजे,
जे दुसऱ्या दिवशी फाटले.

पहिल्या वीतभरात निघालं:
सिमेंटची ढेकळं, निळ्या टाइलचे तुकडे,
ओळंब्याची कुजकी दोरी,
तंबाखूच्या पुड्या,
लहान मुलाची एक चप्पल, डावी.
त्याखाली मुरूम.
मुरमाखाली काळी, चिकट माती
आणि तिच्यात शिंपले.
इतिहास कोणाला हवा होता?
मला वांगी लावायची होती.

तळहाताला फोड आले.
काउंटरवर नोटा मोजता येईनात.
मॅनेजर म्हणाले, भाजलं का?
म्हटलं, हो.

नर्सरीतल्या दूधनाथने सांगितलं ते सगळं आणलं.
शेणखताच्या दोन गोण्या, निंबोळी पेंड,
कढीपत्ता, मोगरा, सोनचाफा
("कलमी आहे मॅडम, वर्षात फुलणार")
आणि हिरवळीच्या गुंडाळ्या, सतरंजीसारख्या.
अंथरल्या. त्यांच्याकडे बघत चहा प्यायले.
चौथ्या दिवशी त्या कडेने पिवळ्या पडल्या,
दहाव्या दिवशी मधोमध,
मग नुसतं पायपुसणं.
कढीपत्ता आधी रुसला, मग गेलाच.
मोगऱ्याने एक कळी दिली
आणि न उमलताच परत घेतली.
रात्री घूस यायची. तिचं खणकाम
माझ्यापेक्षा सरळ आणि खोल;
बोगदा थेट सोनचाफ्याच्या मुळाशी.
त्यात सोसायटीची चिठ्ठी:
पाइपने पाणी घालू नये.

दोनशे चाळीस हप्त्यांपैकी सहा भरले होते.
माती वर पांढरी साय धरू लागली.
मला वाटलं, खत लागू पडतंय.

मासळी घेऊन येणाऱ्या धाकलीबाई मढवी
एका रविवारी पाटी उतरवून मागच्या पायरीवर टेकल्या.
काही न विचारता चिमूटभर माती उचलली
आणि जिभेवर ठेवली.
"खारी हाय गो बाय.
आथं आमचं मिठागर व्हतं.
आथं पीक घेवाचा तं मिठाचाच."
थुंकल्या. पदराने ओठ पुसले.
तीन पावसाले जाव दे, म्हणाल्या, धुवून जाईल.
मी तीन वर्षांचे हप्ते मनात मोजले, छत्तीस.

मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेलं.
तीन रविवार गुडघ्यांवर बसून उपटलेलं तण,
लालसर देठांचं, जाड पानांचं,
उपटलं की चौथ्या दिवशी पुन्हा हजर.
"या घोलीचा काय करतंस?"
फेकणार.
"फेकतंस?"
असं म्हणाल्या, जसं मी पैसे फेकत होते.
सकाळी उपटलेली वरची जुडी उचलून
कोवळे शेंडे खुडले, ओटीत भरले,
बोंबलांचे पैसे घेतले आणि गेल्या.

संध्याकाळी नातू स्टीलची वाटी देऊन गेला.
घोळीची भाजी, जवळा घातलेली.
मागच्या दारात उभ्याने खाल्ली, भाताशिवाय.
पुढच्या खेपेला वाटी परत करताना म्हटलं, छान झाली होती,
मीठही बेताचं.
मीठ कुठं घातला व्हता, त्या म्हणाल्या.

आता कढीपत्ता तेलाच्या डब्यात आहे, विटेवर.
दुसरा. पहिल्याचं नाव काढत नाही.
सोनचाफ्याला तीन पानं, त्यातलं एक संशयास्पद.
तण अर्धं उपटते, अर्धं ठेवते.
घूस तिच्या वेळेला येते.
ती चप्पल धुऊन कुंपणाच्या भिंतीवर ठेवली आहे.
कुणी विचारत येईल असं नाही.

रविवारी, शेजारचं बाल्कनीचं दार बंद असेल तर,
मीही चिमूटभर माती जिभेवर ठेवते.
खारी.
मागच्या महिन्यापेक्षा कमी की तेवढीच,
अजून कळत नाही.
सातवा हप्ता काल गेला.