एक गाठ
उद्यमनगरात बाबांचं लेथ फिरत असलं
की हाक पोचायची नाही.
आई निरोप घेऊन दारात उभी,
पदराला गाठ मारून.
लेथ थांबलं की सोडायची :
'आत्ताच येऊन गेला बघा माणूस.'
बाबांना ते आत्ताच वाटायचं.

रात्री अडीचला मी तेच लिहितोय.
आभासी प्रोसेसर झोपलाय, इंटरप्ट आलाय,
एक बिट लावून ठेवायचा;
उठला की हातात द्यायचा,
मधला वेळ त्याला कळू न देता.

सगळ्या टेस्ट पास. एक सोडून :
दोन इंटरप्ट, बिट एकच.
दुसरा पुसला जातो.

सीपीआरहून त्या दिवशी माणूस
दोनदा आलावता.
बाबांनी हात धुतले,
शहाळं घेतलं,
निघाले आक्काला बघायला.