तांदळाचं धुवण

तेहतीस वर्षं स्टुडिओच्या कपडेपटात काढली.
आता शाम शुई पोच्या चौथ्या मजल्यावर
बिस्किटांच्या डब्यात उरलेली बटणं,
आणि समोर हा मुलगा, सिनेमा शिकणारा.
वही उघडून विचारतो :
आजी, तुम्हाला कोण आवडायचं?
इन्स्पेक्टर की चोर?

आवडायचं कोण ते नंतर.
शिवलं काय ते आधी सांगते.

इन्स्पेक्टरचे सहा सदरे, एकसारखे.
एक चिखलासाठी, एक गोळीसाठी
(गोळी नेहमी डाव्या खांद्याला,
काळजापासून चार बोटं लांब)
आणि चार नुसतेच पांढरे.
धुतल्या तांदळासारखा माणूस.
त्याला खिसा ठेवायचा नाही, असा हुकूम.
दिग्दर्शक म्हणे, खिसा कशाला?
तो काही लपवत नाही.
मग घराची किल्ली कुठे ठेवतो?
ट्रामची चिल्लर? आईच्या औषधाची पुडी?
सगळे हसले. मीही हसले, पोटासाठी.
शेवटच्या रिळात तो गोदीवर उभा राही,
वाऱ्याकडे तोंड करून,
आणि मला दर वेळी वाटे,
याला भूक लागत नसेल का?

चोराला मात्र एकच कोट.
सात खिसे. सातवा अस्तराच्या आत,
त्यात कुणा बाईचा फोटो,
जो कॅमेऱ्याला कधीच दिसायचा नाही.
फुंग म्हणाला, असू दे.
चालताना जड वाटलं पाहिजे मला.
कोपर झिजलं की ठिगळ मीच लावायची,
दिसेल असं, पण ओशाळलेलं.
तो जिवलग मित्राला दगा देई
आणि रात्री त्याच्याच बायकोच्या दारात
तांदळाची गोणी ठेवून जाई, घंटी न वाजवता.
थिएटरात बायका मुसमुसत.
मीसुद्धा.
आणि फेरीबोटीत बसल्यावर चीड येई स्वतःची.
गोणीचं ठीक आहे.
पण मित्र तर मेला ना?

चहा घे. गार होतोय.

माझा भाऊ विंग-हॉन्ग हवालदार होता, खराखुरा,
यौ मा तेइच्या फळबाजारात.
शुक्रवारी घरी आला की टोपी उलटी ठेवायचा टेबलावर.
तिच्यात चहापाण्याचे पैसे.
चहापाणी! शब्द बघ किती गरीब,
जणू सगळ्या बाजाराला त्याच्या तहानेची काळजी.
माझं शिलाईचं मशीन त्या टोपीतून आलं.
मला माहीत होतं.
मी रोज त्याला तेल घालत होते.

तू विचारशील, त्याने कधी कुणाला वाचवलं का,
आगीतून, पुरातून, निदान एखादं पोर?
सिनेमात वाचवलं असतं.
नाही.
लिची विकणाऱ्या एका म्हातारीचा गाळा गेला त्याच्यापायी.
पुढे तो पकडला गेला.
मशीन कुठून आलं, कुणाला दिलं,
यातलं एक अक्षर बोलला नाही.
बस, एवढंच. याचा सिनेमा होत नाही.

त्याच मशीनवर इन्स्पेक्टरच्या कॉलरी शिवल्या.
त्यांना खळ कसली, माहितेय?
तांदूळ धुतल्यावर जे गढूळ पाणी उरतं ना,
ते ओतून न देता
मी आटवत असे मंद आचेवर.
म्हणून तर ताठ उभ्या राहायच्या.

काय लिहू, आजी?

इन्स्पेक्टर लिही.
हसू नको. आयुष्यात तसा एकही भेटला नाही मला.
कुठेतरी असावा, पडद्यावर का होईना.

आणि वही मिटण्याआधी एक.
सहाव्या सदऱ्याला मी आतून खिसा शिवला होता,
गुपचूप, रिकामाच.
गोदीच्या शॉटमध्ये त्या नटाचा हात चुकून आत गेला.
तो थांबला.
वाक्य विसरला.
क्षणभर असा दिसला,
जणू किल्ली घरीच राहिली.

तो तुकडा कापून टाकला त्यांनी.